भिंतीतून किती, टाकीतून किती: प्लग-इन हायब्रिड घेऊन बारामती-इंदापूर

जुनी प्लग-इन हायब्रिड गाडी घेतली आणि घरात दोन तट पडले. माझा नवरा सचिन म्हणाला, "पेट्रोलही भरायचं आणि चार्जिंगही करायचं, मग फायदा कसला?" मला त्याच्याशी वाद घालायचा नव्हता, मोजायचं होतं. कंपनीचे आकडे कंपनीच्या रस्त्यावरचे. आमचा रस्ता म्हणजे सोलापूर महामार्ग, पाटसचा फाटा, बारामती आणि पुढे इंदापूर तालुक्यातलं वरकुटे. तिथे सचिनच्या मामांचं शेत आहे. त्यांना सगळे तात्या म्हणतात.

मोजायची रीत सोपी आहे. गाडीचा पडदा सांगतो ते बॅटरीत गेलेल्या विजेचं. बिल येतं ते भिंतीतून ओढलेल्या विजेचं. म्हणून प्लगच्या मध्ये एक छोटा मीटर लावला. थोडी वीज वाटेत उष्णता होऊन जाते, ती त्यात दिसते. पेट्रोलसाठी टाकी दिवा लागेपर्यंत रिकामी केली आणि मोजून आठ लिटर भरलं. दिवा पुन्हा लागेल तेव्हा हिशेब कळणार होता.

शनिवारी सकाळी हडपसरहून निघालो. पडद्यावर विजेचे पन्नास किलोमीटर दिसत होते. यवत यायच्या आधीच, पस्तीसएक किलोमीटरवर, बॅटरी संपली. सचिन हसला. पाटसहून आत वळल्यावर रस्ता चांगला, पण कारखाने सुरू झालेले, त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरमागे रांगा. बारामतीत स्टँडजवळ जेवलो: बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, दह्यातला ठेचा. दोघांचं मिळून तीनशेच्या आत भागलं. पुढे पिंपळीत चहाला थांबलो तर टपरीवाल्याने गाडीला एक चक्कर मारली.

"ताई, ही लाईटवर चालती का पेट्रोलवर?"

"दोन्हीवर."

"मंग बंद पडली तर कुनाला बोलवायचं? वायरमनला का मिस्त्रीला?"

चहाचे पैसे देऊन निघालो. वरकुटे जवळ आलं आणि पेट्रोलचा दिवा लागला. लिटरला साधारण पंधरा किलोमीटर. दुसऱ्या दिवशी इंदापूरच्या पंपावर टाकी भरायची ठरली.

शेतावर चार्जर लावला तर लाल दिवा. तात्यांनी खाली वाकून पाहिलं. "अर्थिंगचा खड्डा वाळलाय. थांब, पानी वततो." दोन बादल्या ओतल्या आणि दिवा हिरवा झाला. खेड्यात अशी गाडी नेणार असाल तर आधी अर्थिंग तपासा. पहाटे पाहिलं तर लाईट गेलेली होती, बॅटरी अर्ध्याच्याही आत.

आम्ही पोहे खात होतो तेव्हा पेरूच्या बागेतून मामींची हाक आली. फांदी वाकवताना गांधीलमाश्यांच्या पोळ्याला हात लागला होता. चालत आल्या तेव्हा मानेवर, हातावर गांधी उठलेल्या. खाटेवर टेकेपर्यंत ओठ सुजले आणि आवाज बसला.

"चुना लावा, उतरंल," तात्या म्हणाले. मग मामींचा श्वास त्यांनीही ऐकला. आत जाताना तो शिट्टीसारखा वाजत होता.

गावातला दवाखाना रविवारचा बंद. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. शेजाऱ्यांची जीप पेरू घेऊन मार्केटला गेली होती. राहिली आमची गाडी.

इंदापूर वीस-बावीस किलोमीटर. पडद्यावर विजेचे वीस दिसत होते, पण कालच्या मोजणीने ते चौदाच धरायला हवे होते. टाकीच्या तळाशी किती उरलंय, ते मला माहीत नव्हतं. हे तात्यांना सांगितलं. ते तडक मोटारसायकलपाशी गेले, नळी ओढली आणि बाटलीत पेट्रोल काढून आणलं. जेमतेम लिटरभर.

"पुरंल?" त्यांनी विचारलं.

"पुरेल."

मागच्या सीटवर मामी तात्यांच्या खांद्याला टेकून. सचिन फोनवर इंदापूरच्या डॉक्टरांना सांगत होता, इंजेक्शन तयार ठेवा. मी एकसारख्या वेगात चालवत होते. वेग वाढवला की बॅटरी कशी झरझर उतरते, ते आदल्या दिवशी पाहिलं होतं.

"जरा पळव ना," सचिन म्हणाला.

"पळवली तर वाटेत थांबू."

पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या, एकामागे एक. हॉर्नचा उपयोग नव्हता. तेवढ्यात तात्या हलक्या आवाजात म्हणाले, "वैशाली, ही बोलंना." आरशात पाहिलं. मामींचे डोळे उघडे होते, पण नजर कुठेच नव्हती. समोरचा रस्ता मोकळा दिसला आणि मी पाय पूर्ण दाबला. इंजिन गुरगुरून चालू झालं, आम्ही दोन्ही ट्रॉल्या ओलांडल्या. त्यानंतर मी पडद्याकडे पाहिलंच नाही. बॅटरी कुठे संपली, हे आजही सांगता येणार नाही.

दवाखान्याच्या दारात नर्स उभी होती. मांडीत इंजेक्शन, तोंडाला ऑक्सिजन. आम्ही तिघं बाहेर बाकावर. तात्या हातातली टोपी गोल फिरवत होते. मला पेट्रोलचा वास येत होता, तो त्यांच्या हाताचा होता. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. "श्वास मोकळा झालाय. आजचा दिवस इथेच ठेवू. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं."

तात्यांनी हात जोडले. डॉक्टरांना, मग आम्हाला. मी त्यांचे हात धरून खाली घेतले.

सोमवारी मामींना घरी सोडून पुण्याला परतलो. तुमच्यासाठी सार एवढंच: रोज घर ते ऑफिस असेल आणि घरी चार्जिंग असेल तर ही गाडी परवडते, लांबच्या प्रवासात ती साधी पेट्रोलची गाडीच, वर बॅटरीचं ओझं. सचिन म्हणतो, हे तर त्याने आधीच सांगितलं होतं. इंदापूरपर्यंतच्या रस्त्याचा आकडा मी काढलेला नाही. काढायचाही नाही.

काल संध्याकाळी मामींचा फोन आला. आवाज अजून घोगरा होता. पेरूला भाव बरा आहे, तात्यांनी ते पोळं काढून टाकलं, तू पोटभर जेवली न्हाईस, असं बरंच काही बोलत राहिल्या. मी दोन शब्दांमधला त्यांचा श्वास ऐकत राहिले.