जप्त केलेली नावे

निवृत्तीनंतर बहुतेक प्रकरणे मी विसरलो. हे एक विसरता आले नाही, कारण यात आरोपीपेक्षा मोठी चूक माझी होती.

वडील बँकेत होते, त्यांची बदली झाली म्हणून आमचे कुटुंब कोलकात्याला आले. पुढे ते पुण्याला परतले. मी मात्र इथल्याच पोलीस दलात भरती झालो आणि नोकरीची शेवटची काही वर्षे सॉल्ट लेकमधल्या एका सायबर ठाण्याचा प्रमुख होतो.

एका सकाळी बागबाजारहून साठीच्या एक बाई तक्रार घेऊन आल्या. बंगाली लग्नात नवरदेव डोक्यावर पांढरा उंच मुकुट घालतो, तो बनवणे हा त्यांचा व्यवसाय. परदेशातले बंगालीही त्यांच्याकडून मुकुट मागवत. त्यांनी पिशवीतून पुठ्ठ्याचे एक खोके काढून माझ्या टेबलावर ठेवले. त्यावर बंगाली अक्षरांत त्यांच्या वेबसाइटचे नाव सुबक छापले होते.

"बडोबाबू, हे नाव मी विकत घेतलं," त्या म्हणाल्या. ठाण्याच्या प्रमुखाला इथे बडोबाबू म्हणतात. "एजंट म्हणाला, कुठल्याही फोनवर उघडेल. म्हणून जुनं नाव बंद केलं. आता लोक हे टाकतात, तर फोन सांगतो, असं काही नाहीच. अख्खी लग्नसराई गेली."

नाव विकणारी कंपनी सॉल्ट लेकच्याच सेक्टर फाइव्ह या आयटी वसाहतीत होती. मालक चाळिशीचा मराठी अभियंता. इंटरनेटवरच्या नावांची जगभर मान्य असलेली एक यादी असते. फोन त्या यादीत शोधतो. या माणसाने भारतीय लिप्यांतल्या नावांची स्वतःची वेगळी यादी काढली होती. अडचण एवढीच, की फोनच्या सेटिंगमध्ये बदल केल्याशिवाय फोन त्याच्या यादीकडे वळतच नसे. मी गुन्हा नोंदवला.

दोन दिवसांनी दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. मालक मशीन हलवतोय, संध्याकाळपर्यंत पसार होईल. अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद केली आणि आम्ही निघालो. पोहोचलो तेव्हा कंपनीचे सर्व्हर खरोखरच गुंडाळून दाराशी ठेवलेले होते. पंचनामा केला, मशीन सील केली, त्याला अटक केली.

चौकशीच्या खोलीत त्याने माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली.

"साहेब, तुम्ही मराठी आहात? मग मी नीट समजावून सांगू शकेन."

बाजूला माझे दोन बंगाली सहकारी बसले होते. आपल्या माणसाला सांभाळून घेतोय, असे त्यांना वाटू नये, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला.

"हिंदीत बोला," मी म्हणालो.

तो हिंदीत बोलू लागला. मोबाइल कंपन्यांनी त्याची यादी आपल्या जाळ्यात जोडली असती तर नावे प्रत्येक फोनवर उघडली असती. पण कंपन्या म्हणत, आधी गिऱ्हाईक आणा, आणि गिऱ्हाईक म्हणे, आधी नाव उघडू दे. या फेऱ्यात त्याची तीन वर्षे गेली होती.

"आता एक कंपनी चाचणीला तयार झालीय. मशीन त्यांच्याच इमारतीत नेत होतो. एक फोन करून विचारा."

"एजंट खोटं सांगून नावं विकत होता, हे ठाऊक होतं?"

"कळल्यावर त्याला काढलं. पण सेटिंगची अट अर्जावर बारीक अक्षरांत छापली, ती मीच. ठळक छापली असती तर कोणी नाव घेतलंच नसतं."

असा कबुलीजबाब देणारा माणूस बाकीचेही खरे सांगत असावा, हे इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मला उमगायला हवे होते. तो सांगत होता तो फोन मी केला नाही. चार दिवसांची कोठडी घेतली. वर्तमानपत्रांत त्याचा फोटो आला.

तिसऱ्या दिवशी निनावी फोनच्या क्रमांकाची माहिती हाती आली. फोन त्या काढून टाकलेल्या एजंटाचा होता. त्याला आणून बसवले. अर्जावरची ती अट तो कागद दुमडून झाकत असे आणि गिऱ्हाइकाला आपल्या फोनवर वेबसाइट उघडून दाखवत असे. त्याच्या फोनची सेटिंग अर्थातच आधी बदललेली होती. मालकाला अडकवून मोकळे व्हायचे, हा त्याचा बेत होता.

मग मी त्या मोबाइल कंपनीला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्याने सांगितले, "हो, मशीन आमच्याकडेच येणार होती. पण बातमी वाचली आणि आम्ही काल करार रद्द केला."

अभियंता सुटला. त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मीच न्यायालयात दिला. तपासणीला पाठवलेली मशीन मात्र प्रयोगशाळेतून परत यायला अकरा महिने लागले. ती बंद असल्याने ज्यांनी सेटिंग बदलून घेतली होती त्यांच्या फोनवरही ती नावे उघडेनाशी झाली. तोवर माणसे सोडून गेली, जागा गेली. मशीन न्यायला तो ठाण्यात आला तेव्हा मी त्याला आत बोलावले आणि मराठीत माफी मागितली. त्याने ऐकून घेतले, पावतीवर सही केली आणि म्हणाला, "तुम्ही कायद्याबाहेर काही केलं नाहीत, साहेब." त्याने रागवायला हवे होते.

या प्रकरणाने मला शिकवले ते थोडके आहे. पक्षपात टाळण्याच्या नादात माणूस उलट्या बाजूने पक्षपात करतो, आणि तो डायरीत कुठेच दिसत नाही. आरोपी बंगाली असता तर मी तो फोन पहिल्याच दिवशी केला असता. दुसरे असे, की जप्तीच्या यादीत मी मशीन मोजली. त्यावर कोणाकोणाचे काम चालते, हे विचारले नाही.

बागबाजारच्या बाईंना निकाल सांगायला मी स्वतः गेलो. एजंटावर आरोपपत्र दाखल झाल्याचे सांगितले. त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून शांतपणे ऐकले.

"म्हणजे आता माझं नाव उघडेल ना, बडोबाबू?"

नाही, असे मला सांगावे लागले.