चिखल्याचा तुटका कंठा

"पाटीलभाई, याची भुवई कुठे गेली?"

जशवंतभाई काउंटरवर वाकून प्रूफ बघत होते. एका डोळ्याला भिंग, दुसरा गच्च मिटलेला. प्रूफ धोबी पक्ष्याचं होतं. पाण्याच्या कडेला शेपटी हलवत फिरतो, तो काळा-पांढरा. मीही बघितलं. ब्लॉक सुरेख आला होता. कुठे ठिपका नाही, ओरखडा नाही.

"कसली भुवई?" मी विचारलं.

"पांढरी. डोळ्यावरची. तिच्यावरूनच तर हा ओळखायचा. मी बाण काढून दिला होता."

बाण म्हटल्यावर मी प्रूफ सोडून त्यांच्याकडे बघितलं.

सत्तर साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी सुरतेत एका छापखान्यात रिटचर होतो. तेव्हा फोटो जसाच्या तसा छापता येत नसे. तो मोठ्या कॅमेऱ्यापुढे लावायचा, मध्ये बारीक जाळीची काच धरायची, म्हणजे चित्राचे ठिपके होत. ते ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवून अ‍ॅसिडने कोरले की झाला ब्लॉक. कॅमेऱ्यापुढे जाण्याआधी फोटो माझ्या टेबलावर येई. त्यातले डाग काढणं हे माझं काम. पांढरा डाग असला तर ब्रशने रंग भरायचा, काळा असला तर ब्लेडने हलकेच खरवडायचा. अमळनेरला साइनबोर्ड रंगवत होतो, तिथून इथे आलो. हात बसला होता.

आमचं निम्मं काम साड्यांच्या कॅटलॉगचं. व्यापारी फोटोवर पातळ बटर पेपर चिकटवून पाठवायचे आणि त्यावर लाल पेन्सिलीने बाण काढायचे. बाण पदराच्या चुणीकडे, म्हणजे चुणी घालवा. बाण बाईच्या गालावरच्या तिळाकडे, म्हणजे तीळ उडवा. बाण म्हणजे काढा. आठ वर्षं मी दुसरा अर्थ ऐकलेला नव्हता. दिवसाला वीस-पंचवीस फोटो. संध्याकाळी लिंबायतला घरी जाताना समोरच्या माणसाच्या शर्टावरचा डाग बघूनसुद्धा हात शिवशिवायचा.

जशवंतभाई हायस्कूलमधून रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर. सुरतेच्या आसपासचे पक्षी ओळखता यावेत म्हणून खिशात मावेल असं पुस्तक काढत होते, आणि चित्रांचं नाही, फोटोंचं. प्रत्येक पक्ष्याची खूण कुठे बघायची ते बाणाने दाखवायचं, आणि तो बाण फोटोबरोबर छापायचा. तसं त्यांनी पत्रात व्यवस्थित लिहिलं होतं. ते पत्र रमणशेठनी, म्हणजे आमच्या मालकांनी, काउंटरच्या फायलीत लावलं. माझ्या टेबलावर आले नुसते फोटो, बटर पेपर आणि लाल बाण.

मी कामाला लागलो. तुतवारच्या खांद्याजवळ पांढरं काही शिरलं होतं, ते भरलं. कोणाच्या शेपटीची पांढरी कड भरली, कोणाच्या पंखावरचा पट्टा. एकदा मनात आलं, या माणसाचे सगळेच पक्षी इतके डागाळलेले कसे? पण साडीवाल्यांच्या बाया तरी कुठे स्वच्छ असायच्या. चार दिवसांत अडतीस पक्षी केले. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलंही. एवढ्या निगुतीने मी कुठल्या शालूचीही सफाई केली नव्हती.

तर असे अडतीस पक्षी. एकालाही ओळखायची सोय मी ठेवली नव्हती.

जशवंतभाईंनी माझ्या टेबलापाशी येऊन एकेक फोटो उचलला. आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. "आ शुं कर्युं, भाई?" एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसले.

रमणशेठ धावत आले. "साहेब, घाबरू नका. निगेटिव्ह द्या, नवे प्रिंट काढू. खर्च माझा."

"निगेटिव्ह रेलमध्ये गेल्या."

सुरतेत तापीच्या पुराला रेल म्हणतात. रेल त्यांच्या घरात माळ्याच्या फळीपर्यंत चढली होती. निगेटिव्हचे डबे खाली पलंगाखाली होते, प्रिंटचा गठ्ठा वर. वरचा वाचला. त्यातला प्रत्येक फोटो आता जगात एकच होता, आणि त्यावर माझा ब्रश फिरला होता.

"पुन्हा काढता येणार नाहीत?" शेठनी विचारलं.

जशवंतभाईंनी भिंग दाखवलं. "हे लावून मला तुमचं तोंड धड दिसत नाही, रमणभाई. पक्षी कसा दिसणार?"

मोतीबिंदू. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्याचं करवायची हिंमत नाही.

मी सांगितलं की रंग पाण्याचा आहे, ओल्या कापसाने निघेल. निघेल असं म्हणालो, पण खात्री नव्हती. जास्त ओलं झालं तर खालचा फोटोही फुगतो. पाण्यापेक्षा थुंकी बरी, हे रिटचरांचं जुनं ज्ञान. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा, डागावर एकदाच टेकवायचा, काडी फेकायची, दुसरी घ्यायची. जो रंग भरायला दोन मिनिटं लागली तो काढायला तास जायचा. साड्यांचं काम थांबलं म्हणून शेठ दर थोड्या वेळाने दारात येऊन सुस्कारा सोडायचे. माझ्या जिभेला चव राहिली नाही. मान आखडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

घरी ताटावर बसलो तरी हात काडी धरल्यासारखाच राही. बायकोने विचारलं, "काय व्हयनं तुम्हले?" म्हटलं, आठ वर्षांत केलेलं पहिलं चांगलं काम पुसतोय.

पाचव्या दिवशी सदतीस पक्षी परत आले. भुवया आल्या, पट्टे आले. राहिला एक चिखल्या.

चिखल्या म्हणजे वाळूवर तुरुतुरु पळणारा, मुठीएवढा पक्षी. त्याच्या दोन जाती अगदी सारख्या दिसतात. एकीच्या गळ्यात काळा कंठा पूर्ण असतो, दुसरीचा समोर तुटलेला. फोटो या दुसरीचा, डुमसच्या किनाऱ्यावर काढलेला. त्या फोटोसाठी जशवंतभाई तीन दिवस खड्ड्यात, डोक्यावर पोतं घेऊन बसले होते. बाण तुटक्या कंठ्याकडे होता. तो काळा. म्हणून मी तिथे रंग लावला नव्हता, ब्लेड चालवलं होतं. खरवडलेलं परत येत नाही. खाली नुसता कागद.

"रंगवून टाक," शेठ हळूच म्हणाले. "तुला काय अवघड आहे? त्यांना दिसणार आहे का?"

अवघड काहीच नव्हतं. दहा मिनिटांत कंठा तयार झाला. दोन्ही बाजूंनी काळा, मध्ये बारीक फट, कडेची पिसं वेगळी काढलेली. मीच लांबून बघितला तर मला कळेना.

दुपारी जशवंतभाई आले. त्यांनी भिंग लावून अडतीसच्या अडतीस बघितले. चिखल्यावर जरा जास्त वेळ थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान आलं की मी मान खाली घातली.

"हा पण आला परत?"

"सगळे आले, साहेब," शेठ म्हणाले. "आमचा पाटील जादूगार आहे."

मी फार थकलो होतो. गप्प बसणं सोपं होतं. पण त्या फटीचा विचार डोक्यातून जात नव्हता. कंठा किती तुटलेला असतो हे मला कुठे माहीत होतं? मी तो पक्षी जन्मात पाहिला नव्हता. खरवडताना तरी कुठे नीट बघितलं होतं? मी साडीच्या काठात ठेवतात तशी फट ठेवली होती. आणि कोणीतरी ते पुस्तक हातात धरून किनाऱ्यावर उभं राहणार, माझी फट शोधत.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "हा आला नाही. हा मी रंगवलाय. अंदाजाने."

शेठनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, आज नोकरी गेली. जशवंतभाईंनी फोटो टेबलावर ठेवला आणि तोंडावरून हात फिरवला.

"पुसून टाका," ते म्हणाले.

"मग तिथे पांढरा चट्टा राहील."

"राहू द्या. बाणसुद्धा राहू द्या. खाली एक ओळ टाका, मी सांगतो."

शेठ तासभर वाद घालत होते. पुस्तकावर छापखान्याचं नाव, आणि आत छापखान्याची चूक! पण जशवंतभाई हलले नाहीत. पुस्तक निघालं. त्यात धोबी भुवईसकट आहे, तुतवार खांद्यासकट आहे. आणि चिखल्याच्या पानावर बाण कोऱ्या जागेकडे रोखलेला आहे. खाली गुजरातीत ओळ आहे, तिचा अर्थ असा: इथली काळी खूण छपाईच्या कामात खरवडली गेली, पक्ष्याला ती असते, प्रत्यक्ष पाहून घ्यावी.

नोकरी गेली नाही. शेठ महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, एवढंच. मी मात्र तेव्हापासून बटर पेपरवर बाण दिसला की काउंटरवर जाऊन विचारत असे, काढायचं की ठेवायचं? साडीवाले हसायचे. हसले तरी विचारायचो. रिटायर होईपर्यंत विचारत राहिलो.

पुस्तकानंतर वर्षभराने असेल, एका रविवारी बायकोला घेऊन डुमसला गेलो होतो. ती भजी खात होती, मी नुसता बसलो होतो. ओहोटी होती. ओल्या वाळूवरून एक चिखल्या पळत आला, थांबला, आमच्याकडे छाती करून उभा राहिला. उघड्या डोळ्यांनी स्पष्ट दिसत होतं. कंठा कसला, खांद्यापाशी काळे दोन तुकडे, आणि मध्ये सगळी छाती पांढरी. मी ठेवली होती ती फट याच्यापुढे काहीच नव्हती.

"काय देखी राह्यनात?" बायकोने विचारलं.

"माझी चूक," मी म्हणालो, आणि तिच्या पुडक्यातलं एक भजं घेतलं.