विहिरीचा तीन पायांचा राखणदार

चैत्रातल्या दुपारी आमच्या नागावच्या वाडीत ओल्या मातीचा आणि पोफळीच्या फुलोऱ्याचा मंद वास दाटून येतो, आणि त्या साऱ्या गारव्याचा भार एका विहिरीवर असतो. समुद्र हाकेच्या अंतरावर. विहीर प्रमाणाबाहेर उपसली की तळातून खारं पाणी वर चढतं, आणि खारावलेल्या पाण्यावर पोफळी किती दिवस तग धरणार? मागच्या उन्हाळ्यात माझे दीर पंप लावून झोपाळ्यावर आडवे होत. त्या डुलक्यांपायी वाडीची एक कड पिवळी पडली.

यंदा मी विहीर ट्रान्झिस्टरच्या हवाली केली. रेडिओच्या पोटात असतो तो सुटा भाग; मसुराच्या दाण्याएवढा जीव, पाय तीन! पाण्यात सोडलेल्या दोन तारांमधून अगदी क्षीण प्रवाह त्याच्या मधल्या पायाला मिळाला की उरलेल्या दोन पायांमधली वाट खुली होते, रिले, म्हणजे पंपाचा विजेवर चालणारा खटका, ओढला जातो आणि पंप चालतो. पाणी तारांखाली उतरलं की वाट बंद, पंपही बंद. इवल्या इशाऱ्यावर एवढं मोठं काम सोडणारी, आणि इशारा थांबताच हात आखडणारी ही शिस्त माणसांत कुठे आढळते?

भाऊजी हसले. "वहिनी, ह्या किड्यावर विहीर सोपवलीत?"

"किडा दुपारी झोपत नाही," मी म्हटलं.

पहिल्याच दिवशी पाणी तारांखाली गेलं तरी पंप थांबेना. "किड्यालाही डुलकी लागली वाटतं!" भाऊजींनी वचपा काढला. मी बटण दाबून पंप बंद केला आणि तारा वर ओढल्या. वाडीत कुंपणापासून झोपाळ्यापर्यंत सगळं सुंभाने बांधायचं, हे आमच्या हाताला इतकं बसलेलं, की दोन्ही तारांची उघडी टोकंही मी एकाच सुंभाला गुंडाळली होती. काथ्याच तो, पाणी धरून बसणारच! ट्रान्झिस्टर बिचारा जागाच होता. त्याला तेवढी ओलही पुरत होती. सुंभ फेकला आणि तारा प्लॅस्टिकच्या नळीवर अंतर राखून बसवल्या.

दुसऱ्या दिवशी पाटातलं पाणी मध्येच थबकलं.

"वहिनी, लाइट गेली!" भाऊजी ओरडत आले.

पडवीतला पंखा गरगरत होता. मी नुसतं तिकडे बोट दाखवलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग विहिरीच्या कठड्यावरून वाकले. मीही वाकले. तारांच्या टोकांखाली पुरुषभर पाणी नितळ उभं होतं. उपसायचं राहून गेलेलं ते पाणी मला भरल्या पाटाहून मोलाचं वाटलं.