हिंगोलीतला बिनविजेचा व्हिडिओ गेम

नांदेडहून निघालेली एसटी वारंगा फाट्यावर थांबली, तोवर माझ्या पाठीची पार चटणी झाली होती. पुण्याहून रात्रभर रेल्वे आणि वर ही बस. उतरून टपरीवर भजी सांगितली.

"कुठं चालल्या, ताई?" भजीवाल्याने विचारलं.

"हिंगोलीला. व्हिडिओ गेमच्या चाहत्यांचं संमेलन आहे. गेम कसे बनवायचे तेही शिकवणार आहेत."

"पोरं खेळतात ते? त्याच्यासाठी येवढ्या लांबून आल्या? काहून (का)?"

कारण होतं वैशाली. मोबाइलवर खेळ खेळायचं खूळ तेव्हा नुकतंच पसरत होतं आणि आमची पुण्यातली छोटी कचेरी तसले खेळ बनवायची. वैशाली हिंगोलीत कॉम्प्युटर क्लासवर शिकवत होती. तिने स्वतः बनवलेला शेळ्या हाकण्याचा खेळ आम्हाला पाठवला आणि साहेबांनी तिला नोकरीच देऊ केली. पण तिचे वडील किसनराव औंढ्याजवळच्या सिद्धेश्वर गावात शेळ्या-मेंढ्या राखतात. "आधी तू काय बनवतीस ते डोळ्यानं बघतो, मग पुण्याचं बोलू," एवढंच ते म्हणाले होते. म्हणून तिने संमेलनात आपला खेळ ठेवला, वडिलांना बोलावलं आणि धीराला मला.

संमेलन एका मंगल कार्यालयात होतं. भरवणारे मुनीरभाई बसस्टँडजवळ कैक वर्षं व्हिडिओ गेमचं दुकान चालवत होते आणि त्यांची जुनी गिऱ्हाइकं पुठ्ठ्याच्या तलवारी घेऊन जमली होती. भारनियमनात अकराला वीज जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून शिकवण्याची सत्रं सकाळीच ठेवली होती. पहिल्या सत्रात एका मास्तरांनी खेळातली उडी कशी लिहायची ते समजावलं. वर जाताना जोर कमी होत जातो, खाली येताना वाढतो. अख्खं सभागृह जागच्या जागी उड्या मारून खात्री करून घेत होतं. मीही मारल्या.

पुढचं सत्र वैशालीचं; किसनराव पहिल्या रांगेत येऊन बसले होते. तेवढ्यात मुनीरभाईंनी माइक घेतला. "पहले थोडासा सत्कार!"

हा थोडासा सत्कार काही संपेना. खुर्च्या देणाऱ्याचा झाला, बॅनर रंगवणाऱ्याचा झाला, माझा झाला. मला बांधलेला फेटा थेट नाकावर उतरला. मी मुनीरभाईंना घड्याळ दाखवलं, तर ते कानात म्हणाले, "मॅडम, एक भी छूट गया तो सालभर बात नहीं करेगा." शेवटी जनरेटरवाले बाळासाहेब आले. शाल, नारळ, हार. टाळ्या सुरू असतानाच पंखे थांबले. वीज गेली.

सगळ्यांनी बाळासाहेबांकडे पाहिलं. बाळासाहेबांनीही मागे वळून पाहिलं.

"बाळासाहेब, जनरेटर चालू करा की," कोणीतरी म्हणालं.

"जनरेटर? ते कळमनुरीला लग्नात लावलंय. तुमी सत्काराला बोलावलं, आमी सत्काराला आलो!"

ज्याची शाल आणली, त्याला जनरेटर आणायला सांगायचं कोणालाच सुचलं नव्हतं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! मला हसावं की ओरडावं कळेना. वीज यायची थेट चारला, आणि किसनरावांना दुपारचीच जीप गाठायची होती, कारण दिवस मावळायच्या आत शेळ्या कोंडायला हव्या. 

 वैशाली फळ्याजवळचा खडू उचलून फरशीवर रस्ता, कालवा आणि बाभळी काढू लागली. वडिलांना तिने व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं. "बाबा, तुमी खेळायचं. समद्या शेळ्या रस्त्याच्या अल्याड आणायच्या. डावं, उजवं, पुढं, थांब, एवढंच बोला. बाकी आमी करतो."

मुनीरभाई झाले गुराखी. शाल पांघरलेले बाळासाहेब झाले ट्रक. आम्ही दहा-बारा जण शेळ्या. प्रत्येकीच्या कानात वैशालीने तिचा नियम सांगितला. माझा होता, बाभळ दिसली की अडून बसायचं, गुराखी दूर गेला की पळत सुटायचं.

"पुढं," किसनराव लाजत म्हणाले. मुनीरभाई निघाले. मी बाभळीपाशी फतकल मारली. एकजण रस्त्यात आडवा झाला, दुसरी दिसेल त्याला ढुशी देत सुटली. खुर्चीत बसून हुकूम सोडायचे, म्हणजे अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकणं.

किसनराव एकदम उभे राहिले. "आगं, ही तर आपली काळी! अशीच अडून बसती. तू समद्यायचं येगयेगळं लिहिलंस?"

"व्हय, बाबा. एकेकीचं."

 किसनराव बाह्या सावरून ओरडले, "डावं! डावं की हो मुनीरभाई!" बाळासाहेब भोंगा वाजवत आले आणि निम्मा कळप गारद झाला. "परत पयल्यापासून!" किसनराव म्हणाले. तीनदा हरले, चौथ्यांदा रंगात आले, तेवढ्यात जीपवाला दारात येऊन हाका मारू लागला.

"थांब की जरा! माझं एक शेरडू (शेळी) पल्याड राहिलंय!"

ते शेरडू मी होते. फेटा सांभाळत धावले, आणि टाळ्यांनी कार्यालय दणाणलं.

पण निघायच्या घाईत पुण्याचा विषय राहूनच गेला. खडूने माखलेले हात घेऊन वैशाली दारात उभी राहिली. मला औंढ्याहून परभणीची बस धरायची होती, म्हणून मीही त्याच जीपमध्ये चढले. किसनरावांनी फडक्यातली भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे केला. ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं, तरी मी सोडला नाही.

समोरच्या बाईंनी विचारलं, "लेक काय करती म्हनं तुमची?"

"खेळ बनवती," किसनराव म्हणाले. "पुढल्या म्हयन्यात पुण्याला चालली." मग माझ्याकडे वळले, "तिथं राह्याची सोय बराबर हाय नव्हं? तकलीफ न्हाई ना व्हनार?"

"सगळी सोय आहे, काका," मी म्हटलं. माझे आईवडील अजून पाहुण्यांना 'ती कॉम्प्युटरचं काहीतरी करते' असं सांगून विषय बदलतात. 'खेळ बनवती' हे दोन शब्द कुणी असे छाती भरून म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला वैशालीचा हेवा वाटला.

औंढ्याला आम्ही दोघं उतरल्यावर मी म्हटलं, "काका, तिला अजून माहीत नाही. समोर फोन आहे, सांगून टाका."

"तुमीच सांगा, ताई. मला रडू यील."

मी बूथमध्ये शिरून मंगल कार्यालयाचा नंबर फिरवला. पलीकडून वैशालीचा "हॅलो" आला, आणि रडू मलाच आलं.