ओव्हनचं दार

हिल्डा आल्डरसन ‘काळा मेंढा’ सराईत आली ती वरच्या खोल्यांतल्या चादरी बदलायला. एका रविवारी स्वयंपाकीण आजारी पडली, हिल्डाने पुडिंगं केली, आणि पुढे एकेचाळीस वर्षं तिला चुलीपासून कुणी हलू दिलं नाही. अंडी, दूध, मैदा यांचं सरसरीत पीठ कढत चरबीत ओतायचं. बाकी काम ओव्हनचं. हे पुडिंग गोड नव्हे, फुगून कुरकुरीत होणारं; मधेच दार उघडलं की गार हवेने बसतं. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात रविवारी आधी पुडिंग आणि ग्रेव्ही, मग मांस. त्यात बदल नाही.

नवा मालक डंकन लीड्सचा. पुढच्या महिन्यापासून कारखान्यातली गोठवलेली पुडिंगं आणू, तुम्हालाही आराम, असं तो गोड शब्दांत म्हणाला होता. मग आपली इथे गरज उरणार नाही, हे हिल्डाला कळत होतं. या रविवारी पुडिंगांनीच त्याला उत्तर द्यावं, एवढंच तिने ठरवलं.

ती कोठीत मांस कापत असताना डंकन वर मुक्कामाला असलेल्या जोडप्याला स्वयंपाकघर दाखवायला घेऊन आला, आणि कौतुकाने त्याने ओव्हनचं दार उघडलं. अर्धवट फुगलेली सव्वीस पुडिंगं एका दमात बसली.

हिल्डा आली, तिने पाहिलं आणि दार लावलं. “अर्धा तास लागेल. लोकांना मी सांगते.”

एप्रनवरच ती जेवणघरात गेली. पुडिंगं बसली, पुन्हा करते आहे. घाई असेल त्यांना आधी मांस वाढते, म्हणाली.

शेकोटीजवळचा म्हातारा मेंढपाळ वॉल्टर इव्हसन दुखावला. “आधी मांस? अगं हिल्डा, आम्ही काय लंडनहून आलोय?” मग त्याने डोळे बारीक केले. “दार कुणी उघडलं?”

“ओव्हन माझा आहे, वॉल्टर.”

“मी उघडलं,” मागून डंकन म्हणाला.

वॉल्टरने त्याला बुटापासून केसांपर्यंत न्याहाळलं. “मग आता तिथेच उभा राहा, पोरा. दुसरं कुणी उघडायला नको.”

सगळे हसले. मांस कुणीच मागितलं नाही. मुक्कामाच्या जोडप्यानेही नाही.

डंकन खरंच ओव्हनकडे पाठ करून उभा राहिला. भांडी घासणारी बाई तव्यासाठी जवळ आली, तर तिलाही त्याने परतवलं. पुडिंगं भांड्यांच्या काठावर चढली तेव्हा ताटं त्यानेच नेली, आणि जेवणघरातली बडबड एकदम थांबलेली त्याने स्वतः ऐकली.

“कारखान्याला नको म्हणून कळवतो,” परत येऊन तो म्हणाला.

“कळवा,” हिल्डा हात पुसत म्हणाली. “आणि रविवारच्या पिठासाठी शनिवारी संध्याकाळी लवकर या. अंडी फोडायला माणूस कमी पडतं.”