एक ते दीडची ओळ

आकडेमामांना घाण मुळीच खपत नसे आणि नोकरी नेमकी घाणीची. कोणत्या गल्लीतली माणसं किती विषारी हवा ओढतात, याचा नकाशा संगणकावर बनवायचा, तर आधी रस्त्यावरच्या गाड्या कोणीतरी मोजायला हव्यात. कारखान्याच्या चौकात अकरा वर्षं मामाच मोजत होते. ट्रक, बस, दुचाकी. दर अर्ध्या तासाला एक ओळ. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा व्हायचा. त्याची त्यांना रोज नव्याने शिसारी यायची.

त्यातून जेवणावर धूळ म्हणजे तर अतीच झालं. म्हणून एक वाजला की ते मागच्या छापखान्याच्या जिन्यात बसून डबा खायचे आणि परतल्यावर एक ते दीडच्या ओळीत आधीच्याच ओळीचे आकडे उतरवायचे. सगळेच मोजणारे तसं करत. अर्ध्या तासात असं काय आभाळ कोसळणार होतं?

यंदा त्याच नकाशावरून ठरायचं होतं, चौकातल्या कारखान्याच्या फाटकासमोरची बालवाडी हलवायची की नाही. मामांची नात तिथेच जायची आणि तिचा खोकला काही केल्या हटत नव्हता. लेकीची सगळी भिस्त नकाशावर. नकाशा आला, तर बालवाडी हिरवीगार, म्हणजे हवा स्वच्छ.

"बाबा, मी तिला रोज धुरातून आणते. हे तुमचेच आकडे ना?"

"एकही गाडी सुटलेली नाही," मामा ठसक्यात म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात लेक तापाने पडली. मामा रजा काढून नातीला आणायला गेले. एक वाजता बालवाडी सुटली आणि समोरचं फाटक उघडलं. आतले ट्रक बाहेर निघाले, बाहेरचे रांगेत थांबले, इंजिनं चालूच. पोरं तिथेच तोंडात बोटं घालून आईबापांची वाट बघत उभी. मामा सवयीने मोजत राहिले. दीडपर्यंत त्रेचाळीस ट्रक. त्यांच्या ओळीत रोज सहा नाहीतर सात असत.

नातीला घरी सोडून ते तडक नकाशा बनवणाऱ्या मॅडमकडे गेले.

"माझी एक ते दीडची ओळ खोटी आहे. अकरा वर्षांची. मी जेवायला जायचो."

शेजारी बसलेले साहेब हसले. "अहो, मनावर काय घेता? सगळेच तसं करतात."

मामांना साहेबांची किळस आली. आणि हा माणूस आपलीच बाजू घेतोय म्हणून स्वतःची त्याहून जास्त.

मॅडमनी त्रेचाळीसचा आकडा घालून पाहिला. बालवाडीवरचा हिरवा रंग गेला, तांबडा आला.

"पण एका दिवसावर नकाशा बदलता येत नाही, मामा. वर्षभराचे खरे आकडे लागतील."

वर्षभर नात तिथेच जाणार. लेक सकाळी कामावर जाते, पोरीला घरी सांभाळायला कोणी नाही. हे लेकीला सांगताना मामांची मान वर झाली नाही.

आता ते डबा चौकातच मांडीवर उघडतात. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने रेघा. दाताखाली धूळ कचकचते, मळमळतं, तरी गिळतात. समोरून नात आईचं बोट धरून खोकत येते आणि आजोबांना हात करते. मामा हात करत नाहीत. तेवढ्यात एखादा ट्रक निसटायचा.