पापडाला लागलेले हात

आज सुनेनं उडदाच्या पिठात हिंग आणि पापडखार मिसळला. तो वास आला आणि मी जळगावातल्या आमच्या पहिल्या खोलीत जाऊन बसले.

गोऱ्यांच्या राज्यातली गोष्ट. मी तिसरीत शाळा सोडलेली, लग्न होऊन साक्रीहून आलेली. मालक कापसाच्या जिनात कामाला. आमच्याकडे साक्रीला पापडाचं पीठ कुटल्याचा आवाज आला की बाया आपापलं लाटणं घेऊन येत, बोलवावं लागत नसे. इथंही मी पीठ कुटलं आणि वाट बघत बसले. शेजारच्या पिंजाऱ्याची जैतूनभाभी दारातून बघत होती, समोरची गुजराती शांताबेनही. येत मात्र कुणी नव्हतं. पीठ वाळायला लागलं. या गावात मी कुणालाच नको, असं वाटून डोळे भरले.

शेवटी भाभीच म्हणाली, "रडस कसाले, बाई? तू बलावं नही. मना हात तुना पापडले चालस का नही, माले कसं समजी?"

"चालस ना, भाभी. लाटनं लई ये."

ती लाटणं घेऊन आली. तिच्यामागून शांताबेन आली. माझा पहिला पापड बघून म्हणाली, "हा पापड आहे की भाकरी?" भाभी इतकी हसली की तिच्या लाटण्याखालचा पापड फाटला.

मला तो परकेपणा वाटला होता. आता कळतं, इतक्या जातीधर्मांच्या त्या गल्लीत माझं मन राखायला त्या बोलावण्याची वाट बघत दारात थांबल्या होत्या. अजून मनातून त्यांना हात जोडते.

पीठ संपल्यावर शांताबेन उठली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "उद्या माझे पापड आहेत. मी तुला बोलावतेय, हं."